एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या

आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटची एंट्री करताना 'रेफर्ड बाय' म्हणून एक चौकट येते आणि तिच्यात एकाच डॉक्टरांचं नाव बसतं, दुसरं टाकायला गेलं की पहिलं पुसलं जातं. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली सोळा वर्षं काम करते, रक्त काढते, सॅम्पल लावते, रिपोर्ट टाईप करते, आणि इतक्या वर्षांत या चौकटीकडं माझं कधी लक्षसुद्धा गेलं नव्हतं. मामांचं झालं तेव्हापासून मात्र ती रोज डोळ्यात खुपते.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, आयुष्य वह्या लिहिण्यात गेलं, अक्षर मोत्यासारखं. २०१२ च्या आसपास त्यांच्या दोन्ही कोपरांवर आणि डोक्यात पांढरे पापुद्रे यायला लागले, घरात सगळे कोंडाच म्हणायचे. मामीनं हळद आणि खोबरेल लावून बघितलं, कारण आम्ही पडलो हळदीच्या गावचे, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय टॅग पण मिळाला, त्यामुळं कातडीचं कुठलंही दुखणं हळदीनं जातं यावर आमच्याकडं कुणी शंकाच घेत नाही. ते काही गेलं नाही. मग सांगलीतल्या स्किनच्या मॅडमकडं गेले, त्यांनी बघितल्याबरोबर सोरायसिस म्हणून सांगितलं, मलम दिलं, डोक्याला लावायला लोशन दिलं, आणि बराच फरक पडला. पुढं मामांची सवय अशी झाली की वाढलं की जायचं आणि कमी झालं की सोडायचं.

त्यांची नखं पिवळी पडलेली, बारीक बारीक खड्डे पडलेले, दोन नखं टोकाकडून उचलली गेलेली. पण दिवसभर हळदीच्या पोत्यांत वावरणाऱ्या माणसाची नखं पिवळी असणार, यात कुणाला काय वेगळं वाटणार? मलाही वाटलं नाही.

मग २०१९ चा महापूर आला. आमच्याकडं आता सगळ्या गोष्टी महापुराच्या आधी आणि महापुरानंतर अशाच मोजतात. मामांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, ओसरल्यावर आठ दिवस सगळ्यांनी चिखल उपसला, आणि त्यानंतर महिन्याभरात मामांचं उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. नुसता सांधा नाही, मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट, गाजरासारखं. टाचापण दुखायला लागल्या, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कळ यायची, आणि हात मोकळे व्हायला तास दीड तास लागायचा, मामी चहाचा कप हातात द्यायची नाही, समोर ठेवायची. सगळ्यांनी एकच निदान केलं, पुरात फावडं मारून मारून झालंय, होईल बरं.

बरं झालं नाही म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडं गेले. एक्सरे काढला, रक्त तपासलं, आमवातासाठी करतात तो आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिड थोडं जास्त, ७.४. म्हणून डाळ, टोमॅटो, मटण सगळं बंद झालं, गोळ्या सुरू झाल्या, आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. आता मला माहितीय की सोरायसिसवाल्या माणसाचं युरिक ॲसिड थोडं वाढलेलं असू शकतं, आणि सोरायसिसमुळं होणाऱ्या संधिवातात आरए फॅक्टर बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो. पण त्या डॉक्टरांना मामांनी सोरायसिस आहे हे सांगितलंच नव्हतं. फुल शर्ट, डोक्यावर टोपी. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "अगं हाडाच्या डॉक्टरास्नी कातडीची फाईल कशाला दाखवायची? त्यांचं काय काम त्यात?"

या एका वाक्यावर मी किती रात्री विचार केला असेल. त्यात मामांची चूक नाही. आपण लहानपणापासून शरीराचे तुकडे करूनच दवाखान्यात जायला शिकलोय, डोळ्याचा वेगळा, हाडाचा वेगळा, कातडीचा वेगळा, आणि मिरजेत तर तशी सोय पण आहे. १८९४ साली वॉन्लेस साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, अथणी, विजापूर, बेळगावपासून लोक गाडीत बसून मिरज जंक्शनला उतरतात ते डॉक्टरकडं जायलाच. एका रस्त्यावर दहा पाट्या. पण या पाटीखालची फाईल त्या पाटीखाली जात नाही, ती पेशंटनं काखेत धरून न्यायची असते, आणि कुठली न्यायची हे पेशंटला कळत नाही.

मधल्या काळात कुणीतरी एका गावाकडच्या डॉक्टरचं नाव सुचवलं, त्यांनी सुई दिली, दोन दिवसांत मामा पळायला लागले. तीन सुया झाल्या. चौथी घ्यायची राहिली आणि पंधरा दिवसांत सोरायसिस अंगभर उठला, पाठ, पोट, पाय, लालभडक. ती सुई स्टिरॉइडची होती. सोरायसिसमध्ये स्टिरॉइडची सुई किंवा गोळी एकदम बंद झाली की आजार असा उसळून येऊ शकतो, कधी कधी पूभरल्या फोडांसकट, म्हणून स्किनचे डॉक्टर ती द्यायचं शक्यतो टाळतात. सांधा दुखणाऱ्याला मात्र ती अमृतासारखी वाटते.

आता मुख्य गोष्ट. अंगभर उठल्यावर स्किनच्या मॅडमनी मेथोट्रेक्सेट, म्हणजे शरीराची संरक्षणाची शक्ती आवरणारी गोळी, सुरू केली, १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवारी, जोडीला फॉलिक ॲसिड. बरोबर औषध, बरोबर डोस. सुरू करण्याआधी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिव्हर, किडनीच्या तपासण्या सांगितल्या. आणि त्यानंतर बारा दिवसांनी हाडाच्या डॉक्टरांनी, सांधे वाढत चाललेत, आरए निगेटिव्ह असला तरी हा वाताचाच प्रकार दिसतोय असं बरोबर ओळखून, मेथोट्रेक्सेटच सुरू केली, १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, बुधवारी. वेगळी कंपनी, वेगळं नाव, पाकिटाचा रंगपण वेगळा. त्यांनीही आधी सीबीसी, लिव्हर, किडनी सांगितलं. दोन्ही वेळा रक्त मीच काढलं. दोन चिठ्ठ्या, दोन नंबर, दोन 'रेफर्ड बाय'. आणि मी, मामांची भाची, त्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर लेबल चिकटवताना मनात म्हटलं, चला, मामा आता मनावर घेऊन तपासण्या करायलेत.

रविवारची कातडीची, बुधवारची हाडाची. मामांनी दोन्ही इमानदारीनं घेतल्या.

पाच आठवड्यांनी मामीचा फोन आला की मामांचं तोंड आलंय, भाकरी सोडा, पाणी गिळता येईना. मी म्हटलं लॅबला घेऊन या. सीबीसी लावला आणि मशीनवर आकडा आला, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ७८,०००, दोन्ही खूपच कमी. मी परत लावला. मग स्लाईड केली, आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बघितली आणि विचारलं, हे कुठल्या औषधावर आहेत? मामांनी पिशवीतून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी दोन्ही उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडं बघितलं. तो क्षण मी विसरू शकत नाही. दोन्हीवर औषध एकच लिहिलेलं होतं.

त्याच दिवशी ॲडमिट केलं, दोन्ही गोळ्या बंद, त्यावरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड सुरू, दहा बारा दिवसांत पेशी वर आल्या. मामा वाचले. ही गोळी आठवड्याची आहे हे न कळून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत, त्या मानानं मामा नशिबवान. म्हणून हात जोडून सांगते, घरात कुणाला मेथोट्रेक्सेट चालू असेल तर पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहा, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडं जाताना ते पाकीट, चिठ्ठी नव्हे, पाकीट बरोबर न्या.

यानंतर स्किनच्या मॅडमनी जे केलं त्याबद्दल मला त्यांचा आयुष्यभर आदर राहील. त्यांनी स्वतः हाडाच्या डॉक्टरांना फोन लावला. कुणी कुणावर ढकललं नाही, दोघंही म्हणाले की आपण विचारायला हवं होतं. आणि मग मॅडमनी मामांना संधिवाताच्या सरांकडं पाठवलं, जे महिन्यातून दोनदा पुण्याहून सांगलीला येतात. आपल्याकडं बऱ्याच जणांना माहितीच नाही की हाडाचा डॉक्टर वेगळा आणि संधिवाताचा वेगळा. हाडाचे डॉक्टर मोडलेलं जोडतात, सांधा बदलतात. संधिवाताचे म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, शरीराची संरक्षणाची फौज जेव्हा आपल्याच अंगावर उलटते तेव्हा जे आजार होतात त्यांचे डॉक्टर. मोठी शहरं सोडली तर ते फारसे सापडत नाहीत.

मी बरोबर गेले होते. सरांनी सांधे दाबायच्या आधी मामांची टोपी काढायला लावली. कानाच्या मागं बघितलं, बेंबीत बघितलं, मग नखं धरून उजेडाकडं वळवली. म्हणाले, ही हळद नाही. मामांना त्यांनी जे समजावलं ते साध्या भाषेत असं, कातडीवर जी आग आहे तीच आग सांध्यात आणि टाचेत, जिथं स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात तिथं आहे, आजार एकच. सोरायसिस असलेल्या साधारण पाचातल्या एका माणसाला हा सांध्याचा त्रास होतो, काही ठिकाणी तिघांतल्या एकापर्यंत, आणि बहुतेकांत कातडी आधी आणि सांधे कित्येक वर्षांनी. म्हणजे तो माणूस सांधे दुखायच्या आधीपासून स्किनच्या डॉक्टरांसमोर येऊन बसत असतो! ज्यांच्या नखांत खड्डे आहेत, डोक्यात जास्त आहे, त्यांच्याकडं जास्त लक्ष द्यायचं. आणि सहा महिन्यांच्या उशिरानंसुद्धा सांध्याची झीज वाढते, ती परत भरून येत नाही. मामांचे तोवर दोन वर्षांवर गेले होते. मधलं बोट आता पूर्ण वाकत नाही, आणि वाकणारही नाही.

मी घरी येऊन वाचत बसले. हा आजार स्वतंत्र आहे हे डॉक्टरांनासुद्धा उशिरा पटलं, आधी वाटायचं सोरायसिस आणि आमवात एकाच माणसाला योगायोगानं झाले. १९७३ मध्ये मोल आणि राईट या दोघांनी त्याची नीट व्याख्या मांडली. २००३ मध्ये ग्रापा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, तिच्यात स्किनचे आणि संधिवाताचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात की या पेशंटला तपासायचं कसं आणि औषध काय द्यायचं. जगात हे वीस वर्षांपूर्वी सुचलंय तर सांगली मिरजेत का जमू नये, असं मी आपलं त्या मॅडमना धाडस करून बोलले. त्या म्हणाल्या, जमवूया की.

आणि जमवलं त्यांनी. काही मोठं सेंटर वगैरे नाही. सर ज्या शनिवारी येतात त्या दिवशी मॅडम दुपारची स्वतःची ओपीडी दोन तास बंद ठेवून सरांच्या ओपीडीत जाऊन बसतात. दोघांच्या मध्ये पेशंट. मॅडम कातडी बघतात, छोट्या दुर्बिणीसारख्या डर्मोस्कोपनं नखांच्या मुळाशी रक्तवाहिन्या बघतात, सर सांधे, फुप्फुस, किडनीचं विचारतात, आणि कागद एकच. औषध दोघांनी मिळून ठरवायचं, पण मेथोट्रेक्सेट एकानंच लिहायची आणि कुणी लिहिली ते वरच्या कोपऱ्यात नोंदवायचं, हा त्यांचा नियम मामांमुळं झालाय. शिवाय मॅडम आता सोरायसिसच्या प्रत्येक पेशंटला पाच प्रश्न विचारतात, कधी सांधा सुजला होता का, कुठल्या डॉक्टरांनी संधिवात सांगितलाय का, नखांत खड्डे आहेत का, टाच दुखते का, कधी अख्खं बोट विनाकारण सुजलं होतं का. तीन किंवा जास्त 'हो' आले की शनिवारची वेळ द्यायची. मामांचे चार 'हो' आले असते, २०१९ मध्येच.

हे फक्त सोरायसिसपुरतं नाही. मागच्या वर्षी तासगावकडची एक मुलगी आली, विशीतली, द्राक्षाच्या बागेत विरळणीला जाणारी. गालावर लाल चट्टे, आई म्हणत होती वांग आहे, मेडिकलमधून गोरं करायची क्रीम आणून लावत होते. उन्हात गेलं की वाढायचं. मॅडमनी बघितलं की चट्टा नाकावरून दोन्ही गालांवर गेलाय पण नाकाच्या बाजूची घडी मोकळी सोडलीय, आणि चिठ्ठीवर एएनए, म्हणजे त्या उलटलेल्या फौजेच्या खुणा रक्तात शोधायची तपासणी, आणि सीबीसी यांच्याबरोबर लघवी लिहिली. मला सुरुवातीला प्रश्न पडायचा की कातडीच्या पेशंटची लघवी कशाला. त्या मुलीच्या लघवीत प्रोटीन तीन प्लस होतं. ल्युपस, म्हणजे त्याच उलटलेल्या फौजेचा आणखी एक आजार, किडनीपर्यंत पोचलेला, आणि तिला किडनीचा काही म्हणजे काही त्रास जाणवत नव्हता. मॅडमनी त्याच संध्याकाळी सरांना फोटो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले, चौथ्या दिवशी तिची किडनी बायोप्सी झाली आणि इलाज सुरू झाला. शनिवारची वाटसुद्धा बघितली नाही.

एएनएबद्दल एक सांगायलाच पाहिजे, कारण रिपोर्ट हातात घेऊन आमच्या काउंटरवर रडणारी माणसं मी बघितलीत. एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे. अगदी ठणठणीत माणसांतसुद्धा १:८० ला, म्हणजे रक्त ऐंशी पट पातळ करून बघितलं तरी, शंभरातल्या तेरा जणांत तो पॉझिटिव्ह येतो. कातडी आणि सांधे बघणाऱ्यांनी मिळून त्या आकड्याला अर्थ द्यायचा असतो, गूगलनं नाही.

आणि आमच्या बाजूचं पण एक. कातडीचा तुकडा तपासायला येतो तेव्हा साधी बायोप्सी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, पण इम्युनोफ्लुरोसन्स करायचं असेल, म्हणजे कातडीत त्या उलटलेल्या फौजेच्या खुणा शोधायच्या असतील, तर तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये चालतच नाही, मिशेल मिडियम नावाचं खास द्रावण लागतं, नाहीतर सलाईनमध्ये ठेवून लगेच पोचवायचा. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका बाईंचे दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले होते. त्यांना परत तुकडा काढून टाके घालून घ्यावे लागले. चिठ्ठीवर दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या तपासण्या लिहिलेल्या आणि मी वरचीच वाचली. आता दोन बाटल्या वेगवेगळ्या रंगाच्या लेबलच्या, आधीच भरून ठेवते, आणि शनिवारी सकाळी मॅडमना फोन करून विचारते आज किती लागतील.

बायोलॉजिक इंजेक्शनचं, म्हणजे त्या उलटलेल्या फौजेला नेमकं आवरणाऱ्या महाग औषधांचं ठरवतानापण दोघं लागतातच. डिसेंबर २०१४ मध्ये त्यातल्याच अडॅलिम्युमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध, जगात सगळ्यात आधी भारतात आलं तेव्हापासून ही इंजेक्शनं आपल्याकडं थोडी आवाक्यात आली, तरी स्वस्त नाहीत. कुणाचं कातडं जास्त, कुणाचे सांधे जास्त, कुणाला डोळ्यात सूज, कुणाला आतड्याचा त्रास, त्यावर कुठलं निवडायचं ते बदलतं. आणि सुरू करण्याआधी छातीचा एक्सरे आणि टीबीची तपासणी, ही मात्र आपल्या देशात कुणीही टाळायची नाही.

मामा आता बरे आहेत. एकच मेथोट्रेक्सेट, सरांच्या हातची, शनिवारी, मामीनं कॅलेंडरवर लाल गोल केलेत. कातडी जवळजवळ साफ आहे, सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांवर आलाय, यार्डात परत जायला लागलेत. मधलं बोट वाकत नाही म्हणून पेन तर्जनी आणि अंगठ्यातच धरतात, अक्षर थोडं बदललंय. मागच्या महिन्यात रक्त द्यायला आले तेव्हा काउंटरवर शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाच्या नखांकडं बघून त्यालाच विचारायला लागले, "पाव्हणं, टाच दुखती का हो तुमची?" तो माणूस दचकला. पण दुखत होती.

सॉफ्टवेअरवाल्याला मी तीनदा फोन केला, तो म्हणतो अपडेटमध्ये बघतो मॅडम. तोपर्यंत मी आपलं करते. 'रेफर्ड बाय'मध्ये एक नाव, आणि खाली शेरा लिहायच्या जागी दुसरं नाव, पुढं 'रिपोर्ट दोघांना'. प्रिंटच्या दोन कॉपी काढते. काल अशा सात काढल्या.